मुक्कामाचा नियम

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग दुसरीपेक्षा नेहमी मोठा असतो. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं, आम्हाला वाटत नाही. हुशार मुलांसाठी सरकारचं जे निवासी विद्यालय आहे, त्याची प्रवेशपरीक्षा पाचवीत होते, आणि तिथल्या बहुतेक जागा खेड्यातल्या शाळेत तिसरी, चौथी, पाचवी केलेल्या मुलांसाठी राखलेल्या असतात. त्यामुळे दुसरी संपली की शिरूरसारख्या नगरपालिकेच्या गावांतली मुलं आपापल्या मामांकडे, आत्यांकडे, आजोळी येऊन आमच्यासारख्या गावांत नाव घालतात. दाखला खरा, हजेरी खरी, मूल खरोखर वर्गात बसतं. यात बेकायदा काहीच नाही. "इतरांकडं जूनमध्ये पेरणी हुती, आमच्याकडं पाहुणे उगवत्यात," असं आमच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक म्हणत. त्यांना ते हवंच असे. पट घसरला की शिक्षक कमी होतो, आणि शिक्षक कमी झाला की उरलेल्या एकाला दोन वर्ग सांभाळावे लागतात.

अशाच एका जूनमध्ये माझी भाची आमच्याकडे आली. माझी धाकटी बहीण शिरूरला असते. तिचे यजमान रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. आमचं गाव भीमेच्या अलीकडे, दौंड तालुक्यात. शिरूरहून न्हावऱ्यावरून यायचं, नदीचा पूल उतरायचा, की आमचे उसाचे पट्टे सुरू होतात. मी गावातल्या माध्यमिक विद्यालयात गणित शिकवतो. आम्हा दोघा नवरा-बायकोंना मूल नाही. ही गोष्ट मी इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा वाटा आहे, आणि मागाहून सबब म्हणून ती पुढे करावी असं मला वाटत नाही.

पोरीला सोडायला दोघंही आले होते. चहा झाल्यावर दाजींनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"सर, पोरगी तुमच्या हवाली केली. आता एकच ध्यानात ठेवा. क्लासवाले सांगत होते, या तीन वर्षांत शाळा चालू असताना पोरगी एक दिवस जरी शहरात ऱ्हायली, तर जागा गेली. चौकशीला माणूस येतो म्हणे."

"एका दिवसानं?" बहिणीने विचारलं.

"एक दिवस म्हंजी एक दिवस. दिवाळीला न्यायची, मे महिन्यात न्यायची. बाकी आपण येऊ की रविवारचं."

"आन् आजारी पडली तर?"

"मामा-मामी हायेत ना. तुझंच अवघड दिसतंय मला. पोरगी ऱ्हाईल, तूच येशील पिशवी घेऊन."

सगळे हसलो. भाची हसली नाही. ती भिंतीला टेकून आपल्या दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत होती.

ती फार शहाणी मुलगी होती, आणि तिचं ते शहाणपण मला पहिलं वर्षभर सलत राहिलं. ती प्रत्येक गोष्ट विचारून करी. "मामी, पाणी घेऊ?" "मामा, पंखा लावू?" चप्पल काढताना ती आमच्या चपलांच्या रांगेत ठेवत नसे, उंबऱ्याबाहेर, पाहुण्यांच्या चपला जिथे असतात तिथे ठेवी. तिच्या मामीने एकदोनदा त्या उचलून आत आणल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बाहेर असत. कपडे तिने कपाटात लावले नाहीत. पिशवीतून काढी आणि धुऊन वाळले की घडी करून परत पिशवीतच ठेवी.

अभ्यास मी स्वतः घेत असे. त्या परीक्षेत आकृत्यांचा भाग मोठा असतो: आकृती आरशात कशी दिसेल, कागद दुमडून भोक पाडलं आणि मग उलगडला तर भोकं कुठे पडतील, चौघांतली वेगळी कोणती. अपूर्णांकांत ती चाचपडत असे, पण आकृत्यांत तिला तोड नव्हती. मामीचा केस विंचरायचा आरसा भिंतीवरून काढून आम्ही वहीशेजारी उभा धरत असू. काही महिन्यांत तिला आरशाची गरज उरली नाही. "मामा, कागद उलगडला तरी घडी राहतेच की," ती एकदा म्हणाली. मी म्हणालो, प्रश्नात घडी विचारलेली नाही, भोकंच विचारली आहेत. ती बरं म्हणाली. मला त्या वेळी तिच्या उत्तराच्या अचूकतेचंच कौतुक होतं.

चौथीच्या जुलैमधली गोष्ट. प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक तिथे बसले होते. मला पाहून त्यांनी हाक मारली.

"सर, तुमच्या भाचीला शनिवारचं घरी का धाडत न्हाई? बाकीची पाहुणी पोरं जात्यात की."

मी म्हणालो, "एक दिवससुद्धा शहरात राहायचं नाही, असा नियम आहे ना?"

"कसला नियम? नियम शाळेचा हाय, मुक्कामाचा न्हाई. शहरातल्या शाळंत एक दिवस बी बसायचं न्हाई, एवढंच. पोरगं आईच्या कुशीत झोपलं, तर सरकार काय कुशी मोजायला येतंय व्हय?"

टपरीवरचे दोघे-तिघे हसले. मीही हसलो. चहा संपवून घरी निघालो तेव्हा हे आज संध्याकाळी बहिणीला फोन करून सांगायचं, असंच माझ्या मनात होतं. याबद्दल मी स्वतःची पुष्कळ वेळा उलटतपासणी केली आहे, आणि तेवढं खरं आहे असं मला वाटतं.

घरात पाऊल टाकलं तेव्हा स्वयंपाकघरातून भाचीचा आवाज येत होता. "मामी, आमटीला मीठच न्हाई! तुझं लक्ष कुठं असतं गं?" चक्क आमच्या गावच्या हेलात. मग ती बाहेर आली, कुणाला न विचारता माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायली आणि तोंड फ्रॉकला पुसून पुन्हा आत पळाली. तिची मामी आतून हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरात आमटीवरून कुणी असं ओरडलेलं मला आठवत नव्हतं.

मी फोन केला नाही. उद्या करू, असं म्हणालो. नंतर जी संध्याकाळ आली ती आदल्या संध्याकाळसारखीच होती. ठरवून लपवणं आणि रोज थोडं पुढे ढकलणं यांत फरक आहे, असं मी पुष्कळ दिवस मानत होतो. आता मानत नाही.

त्याच पावसाळ्यात बहिणीला मुलगा झाला. बारशाचा दिवस ठरला तेव्हा तिचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"दादा, तिला आणता नाही ना यायचं? तिला भाऊ बघायचाय रे. रोज फोनवर विचारती, नाक कुणासारखं हाय म्हणून."

प्रश्नच तिने असा विचारला होता की मी नुसतं खरं सांगितलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणालो, "नको. एवढ्या दिवसांचं केलेलं वाया जाईल. उगीच धोका कशाला?"

"व्हय," ती म्हणाली. "ते बी खरंच."

बारशाच्या सकाळी पत्नी झबलं-टोपडं पिशवीत घालून निघाली होती. दारात ती थांबली. "अहो, नेऊ का पोरीला? एका दिवसानं काय होतंय?"

"नियम एका दिवसाचाच आहे," मी म्हणालो.

हे म्हणताना मी मागे पाहिलं. भाची मधल्या दारात उभी होती. एका बाजूची वेणी झाली होती, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे होते, हातात फणी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन उरलेली वेणी स्वतःच घालू लागली. पत्नी एकटीच एसटीने शिरूरला गेली.

संध्याकाळी पत्नी परत आली. सोबत घुगऱ्या आणल्या होत्या. भाचीने वाटी मांडीवर घेतली.

"कानात नाव कुणी सांगितलं, मामी?"

"आत्यानं. दुसरं कोण सांगणार?"

"आन् आत्याच्या पाठीत धपके कुणी घातले?"

"सगळ्या बायकांनी. लई मारलं बिचारीला."

"मी जोरात मारलं असतं," ती म्हणाली आणि हसली. मग वाटी तशीच ठेवून म्हणाली, "मामा, आज पेपर सोडवायचा राहिलाय." मी पेपर दिला. तिने तो नेहमीपेक्षा लवकर आणि जवळजवळ बिनचूक सोडवला. ती खंबीर आहे, असं मी त्या रात्री पत्नीला म्हणालो. पत्नी घुगऱ्यांची ती तशीच राहिलेली वाटी उचलून आत गेली.

तान्ह्या बाळामुळे बहिणीचं रविवारचं येणं थांबलं होतं, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीतच भाचीने भावाला पहिल्यांदा पाहिलं. सुट्टी संपण्याच्या आधीच ती मला फोनवर म्हणाली, "मामा, कधी येऊ?" मला बरं वाटलं. का बरं वाटलं, हे आज लिहायची लाज वाटते. तिला आमची ओढ लागली आहे, असा अर्थ मी घेतला होता. मूल एखाद्या घरातून निघायची घाई करतं, तेव्हा दुसऱ्या घराची ओढ हेच कारण असतं असं नाही. शिकवण्याचाच व्यवसाय असलेल्या मला हे कळायला हवं होतं.

पाचवीत मात्र तिच्यात एक बदल झाला. ती त्या निवासी विद्यालयाबद्दल विचारू लागली. तिथे सगळीच मुलं बाहेरून आलेली असतात का? सगळ्यांचे पलंग सारखेच असतात का? सुट्टीत कुणी न्यायला आलं नाही तर चालतं का? मी आनंदाने उत्तरं देत असे. परीक्षेची गोडी लागली, असं मी दाजींना कळवलं. ते म्हणाले, "लागणारच. मामा कुणाचा हाय!"

हिवाळ्यात दौंडच्या केंद्रावर परीक्षा झाली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटाला पेनाची शाई लागली होती, आणि ती न विचारताच म्हणाली, "आकृत्या सगळ्या आल्या. अपूर्णांकांचं माहीत नाही." मी तिला उसाचा रस पाजला. परत येताना एसटीत ती खिडकीला डोकं लावून झोपून गेली.

निकाल लागला तो रविवार होता. बहीण, दाजी आणि आता चालू लागलेला भाचा सगळे आमच्याकडे आले होते. दाजींनी मोबाइलवर तिचा नंबर आणि जन्मतारीख टाकली. बराच वेळ चक्र फिरत राहिलं. मग त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला. निवड झालेली नव्हती.

कुणी रागावलं नाही. दाजी भला माणूस आहे. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे. लाखात एखाद्याचं होतं. सहावीला आता शिरूरलाच ये. नववीला परत जागा निघत्यात, तवा बघू." मग वातावरण हलकं करायचं म्हणून त्यांनी धाकट्याला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "सर, आता याच्यावर मेहनत घ्या. तिसरीला सोडतो तुमच्याकडं. चुका कळल्यात आपल्याला, या टायमाला फेल न्हाई जायचं."

भाचीने विचारलं, "त्याला घरी येता येईल?"

"सुट्टीत येईल की. तू यायचीस तसं. नियमच हाय बाळा, काय करायचं?"

"असा नियम न्हाई," ती म्हणाली.

"आता तू शिकवणार व्हय मला नियम?" दाजी हसले.

"नियम शाळेचा हाय. घरी जायला चालतं. मुख्याध्यापक गुरुजींनी चौथीत असतानाच वर्गात सांगितलं होतं. सगळी पोरं जायची शनिवारी."

दाजी अजूनही हसतच माझ्याकडे वळले. "काय सर, काय म्हणती ही?"

सगळेजण माझ्याकडे पाहत होते. भाचा माझ्या शर्टाच्या बटणाशी खेळत होता. तिची ऐकण्यात काही चूक झाली असेल, असं मी म्हणू शकलो असतो. दाजींनी ते मानलं असतं, बहिणीनेही मानलं असतं. मुलीच्या शब्दापेक्षा माझा शब्द तिथे जड होता. तीन वर्षं तिने माझ्यासमोर मान वर करून काही म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं होतं ते भावासाठी.

"ती खरं सांगते आहे," मी म्हणालो.

"म्हंजी?" बहीण म्हणाली.

"नियम शाळेपुरताच होता. आणता-नेता येत होतं."

"तुला कधी कळलं, दादा?"

"बारशाच्या आधी."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा रागाने भरेल अशी माझी तयारी होती. तो रिकामा झाला. "मी तुला फोन केला होता," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुला."

"हो."

पण या सगळ्यात भाची माझ्याकडे पाहतच नव्हती. ती आईकडे पाहत होती. "तुला माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

"न्हाई गं. मला कुठून माहीत? तुला माहीत होतं तर तू मला विचारलं का न्हाईस कधी?"

"मला वाटलं, तूच मामाला तसं सांगायला सांगितलंयस," ती म्हणाली. "बाळ झालं म्हणून. विचारलं असतं आन् तू नकोच येऊ म्हणाली असतीस तर?"

बहिणीने तिला ओढून घेतलं. आमच्या घरात आल्यापासून ती मुलगी कधी मोठ्याने रडलेली नव्हती. पडली तरी, ताप आला तरी नाही. त्या दुपारी ती रडली, आणि ते रडणं दहा वर्षांच्या मुलीचं नव्हतं, आठव्या वर्षी जिला दारात सोडून गेले होते तिचं होतं. दाजींनी भाच्याला माझ्या मांडीवरून अलगद उचलून घेतलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

शिक्षक म्हणून मी अनेक मुलांना सांगत आलो होतो की चूक केल्याने कमीपणा येत नाही, ती लपवल्याने येतो. हे वाक्य मी फळ्यासमोर उभं राहून किती सहज उच्चारलं होतं! मी मूल चोरलं नव्हतं, कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. मी फक्त गप्प बसलो होतो. आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्याचं काम त्या लहान जिवावर सोडलं होतं. तिने तो आपल्या परीने लावला, आपल्या आईला आपण नकोसे झालो असा. तो मनात घेऊन ती दोन वर्षं माझ्यासमोर बसून कागदाच्या घड्या उलगडत होती. ते वसतिगृह तिला का हवं होतं, ते पलंग सगळ्यांचे सारखे का असायला हवे होते, हे मला त्या दुपारी समजलं. जिथे कुणीच कुणाचं नाही अशा जागी तिला जायचं होतं, आणि तिथेही तिला घेतलं गेलं नाही.

पत्नीने भाचीचे कपडे आवरले. आवरायला फारसं नव्हतं. बरेचसे पिशवीतच होते. भाचीला घेऊन सगळे गेल्यावर पत्नी ओट्यापाशी उभी राहिली. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "मीही विचारलं होतं तुम्हाला. दारात उभं राहून." मग तिने सगळ्यांसाठी केलेला स्वयंपाक झाकून ठेवला. तिने माझ्याशी भांडण केलं नाही, आजतागायत केलेलं नाही. तिला विचारायचं धाडस मी करत नाही, पण कधीकधी वाटतं, भाचीला घरी नेता येत होतं हे तिच्याही कानावर गावात कुठेतरी आलेलं असावं, आणि तीही माझ्यासारखीच थांबली असावी. असं वाटून घेणं हा माझा बोजा हलका करण्याचा आणखी एक प्रकार आहे, हेही मला कळतं.

भाची आता शिरूरच्या शाळेत जाते. मी बाजारच्या दिवशी गेलो तर बहीण चहा करते. भाची येऊन नमस्कार करते, अभ्यासाचं विचारलं तर सांगते. तिच्यात राग दिसत नाही. आपण कुणाच्या घरी तरी आहोत अशी ती माझ्याशी वागते, आणि त्या वेळी ती स्वतःच्याच घरात असते.

यंदा जूनमध्ये पुन्हा तिसरीचा वर्ग भरला. आमच्या वस्तीपलीकडे एक आप्पा आहेत. त्यांच्या वडिलांपर्यंत त्यांच्या घरी मेंढरं होती, आता ऊस आहे. त्यांनी आपल्या बहिणीची मुलगी आणून शाळेत घातली. ती मुलगी संध्याकाळी बांधावर एकटी बसलेली मला दोन-तीनदा दिसली. एके दिवशी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो.

"आप्पा, शनिवार-रविवार पोरीला घरी पाठवत जा. नियम शाळेचा आहे, राहण्याचा नाही. मी खात्री करून सांगतो."

आप्पा पाइपाचं तोंड दुसऱ्या सरीला लावत होते. "आसंल सर. पर कशाला इषाची परीक्षा? ऱ्हाईल की हितंच. खायला-प्यायला काय कमी हाय?"

"कमी-जास्तीचा प्रश्न नाही. त्या मुलीला काय वाटेल, याचा विचार करा. मी माझ्या भाचीला पाठवलं नाही, ती माझी चूक झाली. मला नियम ठाऊक असूनही मी पाठवलं नाही."

आप्पा सरळ उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग हसले. त्यांनी पोरीला पाठवावं म्हणून मी हे रचून सांगतोय, असंच त्यांना वाटलं असावं.

"काय बी बोलता सर. तुमी शिकली-सवरलेली माणसं. तीन वर्सं तुमी पोरगी गावाबाहेर हलू दिली न्हाई, समद्या गावानं बघितलंय. नियम नसता तर तुमच्यासारख्या माणसानं आसं केलं आसतं व्हय? तुमचं बघूनच तर मी ठिवलीय."

मी पुन्हा सांगितलं. सगळं सांगितलं, बहिणीचा फोन, पत्नीचं दारातलं बोलणं, सगळं. त्यांनी ते आदराने ऐकून घेतलं. मग "पानी लई सुटलं की," असं म्हणत ते पुढच्या सरीकडे वळले.